हार-बुक्क्याच्या वेळचा वृत्तांत

सावळखेडचे अर्जुनराव आमदार झाले खरे, पण भाषण काही त्यांना जमायचं नाही. झांज धरून कीर्तनकार नारायणबुवांच्या मागे उभे राहण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. निवडून आल्यावर पहिलं अधिवेशन आटोपून ते मुंबईहून परतले आणि विधानसभेत काय झालं ते गावाला सांगावं म्हणून त्यांनी चावडीपुढे सभा ठेवली. चार माणसं आली. त्यातली दोन बैलगाडी जुंपायची वाट पाहत होती. त्याच दिवशी राममंदिरात नारायणबुवांचं कीर्तन होतं आणि तिथे तीळ ठेवायला जागा नव्हती.

अर्जुनराव तसेच बुवांकडे गेले. “बुवा, पूर्वरंग संपला की तुमाले हार घालतात, सगळ्यांले बुक्का लावतात. तेवढा वेळ मले द्या. मी अधिवेशनाचा वृत्तांत सांगतो.”

बुवांनी उपरणं सारखं केलं. “देतो. पण ही नारदाची गादी हाय, अर्जुना. इथं उभं राहून स्वतःची वाहवा करायची नाई, मत मागायचं नाई, अन् अर्धं सांगायचं नाई. जमते काय?”

“जमते.”

“मंग चपला बाहेर काढ अन् ये.”

तेव्हापासून सावळखेडात हा पायंडा पडला. बुवांच्या कपाळी बुक्का लागला की अर्जुनराव पुढे येत. अर्थसंकल्पात आपल्या भागातल्या कोणत्या रस्त्याला पैसे धरले, जिल्हा परिषदेचा नवा कायदा काय म्हणतो, कोणत्या विहिरी मंजूर झाल्या, सगळं साध्या बोलीत सांगत. कायद्याच्या विधेयकाचं तिथे तीन वेळा वाचन होतं, हे ऐकून म्हातारे खूश झाले होते. “आमच्याकडे पोथीचं एकदा होते, तेबी अर्धे झोपतात,” असं कोणीतरी मागून म्हणालं, तर अर्जुनराव म्हणाले, “तिथंबी तसंच हाय, बाबा.”

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्या साली गावाचा एकच प्रश्न होता, नर्सबाईचा. गावापासून पक्का रस्ता अडीच कोस, दवाखाना धामणगाव बढ्याला, तिथे पोचेस्तोवर अडलेल्या बाईचे हाल कुत्रा खाईना. कडूबा पाटलांची थोरली सून मागल्या वर्षी बैलगाडीतच गेली, मूलही गेलं. आता धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. अर्जुनरावांनी विधानसभेत दोनदा प्रश्न विचारून, मंत्र्यांच्या दारात बसून, सावळखेडसाठी नर्सबाईची जागा मंजूर करून आणली. दिवाळीत तसं गादीवरून सांगितलंही. गावाने टाळ्या नाही, रामनामाचा गजर केला.

त्यानंतर पाच महिने झाले, नर्सबाईचा पत्ता नव्हता. कडूबा पाटील पारावर बसून सरकारला शिव्या देत होते.

रामनवमीच्या नवरात्रासाठी अर्जुनराव मुंबईहून निघाले. मलकापूरला आगगाडीतून उतरून ते आधी बुलढाण्याला गेले, ते भांडायच्या तयारीनेच. आरोग्य खात्याच्या साहेबासमोर त्यांनी टेबलावर हात आपटला. “जागा मंजूर, पगार मंजूर, मंग बाई कुठं अडली? तुमच्या कागदात?”

साहेब शांत होता. त्याने दारापाशी बाकावर बसलेल्या बाईला आत बोलावलं. पस्तिशीची, पांढरं पातळ, ताठ मानेची. “या जनकाबाई. मूळ लोणारच्या. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या गावी हजर व्हायला गेल्या होत्या. विचारा त्यांनाच.”

जनकाबाईंनी बसायला नकार दिला. उभ्यानेच सांगितलं. “हातात ट्रंक घेऊन तीन दारं फिरले, साहेब. खोली भाड्याने मिळेल का म्हटलं. प्रत्येक दारात पहिलं विचारलं, कोणत्या समाजाच्या? मी बौद्ध, तसं सांगितलं. दार लागलं. कशासाठी आलात, हे तिन्ही ठिकाणी कोणी विचारलंच नाही.”

“कोणती दारं?” अर्जुनरावांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

“एक कडूबा पाटलांचं. एक रामाच्या पुजाऱ्याचं. अन् पहिलं तुमचं. दारावर पाटी होती, म्हणून तिथंच आधी गेले. आत एक म्हाताऱ्या बाई होत्या.”

म्हणजे त्यांच्याच घरातल्या आत्याबाई. अर्जुनरावांना सांगायची गरज पडली नाही.

“मग गावातल्या आमच्या समाजाच्या वस्तीत भाऊरावांनी रात्रभर ठेवलं. म्हणाले, ताई, हे घर तुमचंच. मी विचारलं, इथं गावातल्या बाया येतील? त्यांनी नकाराची मान हलवली. सकाळी मी परत आले.”

साहेबाने घसा खाकरला. मार्च सरेपर्यंत नर्स गावात राहायला आली नाही, तर जागा दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. तीन गावं मागून बसली आहेत, म्हणाला.

“मी जातीनं खोलीचं पाहतो. उद्याच चला,” अर्जुनराव म्हणाले.

“हुकूम निघाला तर येईन, नोकरी आहे,” जनकाबाई म्हणाल्या. “पण हुकमानं आलेल्या बाईला बाळंतीण अंगाला हात लावू देईल? ज्यांनी दार लावलं त्यांनी बोलवायला यावं. मग मी एका पायावर येते.”

घरी पोचल्यावर अर्जुनरावांनी बायकोला, सरस्वतीबाईंना, सगळं सांगितलं. आत्या, तानुबाई, चुलीपाशी होत्या, त्यांनीही ऐकलं. “सांगायचं ना मंग तिनं नर्स हाय म्हणून!” एवढं म्हणून त्या पदर डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“पुढची बैठकीची खोली द्यावी म्हणतो,” अर्जुनराव म्हणाले. सरस्वतीबाई उठून आत गेल्या. अर्जुनरावांना तो नकार वाटला. मान खाली घालून ते देवळाकडे निघाले.

वाटेत कडूबा पाटील भेटले. “काय आमदारसाहेब, आणली काय नर्स? का अजून विचारच चालू हाय सरकारचा?”

विचार चालू आहे, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. निवडणूक वर्षावर आली होती. अर्जुनराव म्हणाले, “देवळात सांगतो, पाटील.”

तिसऱ्या प्रहरी कीर्तन सुरू झालं. आदल्या दिवशी बुवांनी शबरीचं आख्यान लावलं होतं. उष्टी बोरं खाणाऱ्या रामासाठी सगळं देऊळ रडलं होतं, कडूबा पाटलांनी तर उपरण्याने डोळे पुसले होते. आज पूर्वरंग आटोपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्क्याची वाटी फिरली. अर्जुनराव पुढे आले. गादीला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला.

आधी रस्त्याचं सांगितलं: खडीचे पैसे धरलेत, डांबराचे नाहीत, कोणी आशेवर राहू नये. शाळेची नवी खोली पुढल्या वर्षावर गेली.

“आता नर्सबाईचं. सरकारनं नर्स धाडली होती. दोन महिने झाले.”

देवळात चुळबुळ झाली. “कुठं हाय मंग?”

“पांढऱ्या पातळातली बाई, हातात ट्रंक, खोली मागत फिरत होती. आठवते काय?”

बायकांच्या बाजूला कोणाचा तरी हात तोंडावर गेला. 

“तीन दारांनी तिले परत धाडलं. जात इचारली, काम इचारलं नाई. पहिलं दार माह्या घरचं. बाकीच्या दोघांले आपलं दार माहीत हाय, मी नाव घेत नाई. सरकार चुकलं असतं तर मी इथं सांगतलंच असतं. या वक्ती सरकार चुकलं नाई.”

पेटीवाल्याची बोटं पेटीवर तशीच राहिली. कडूबा पाटील ताडकन उठले. “गादीवर उभं राहून गावाची इज्जत काढून राह्यले काय तुमी? मतं पाहिजेत ना पुढल्या साली?”

“मत मागायचं नाई अशी बुवांची अट हाय, पाटील.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“एवढी कळकळ हाय तं ठेवा ना तुमच्याच घरात! आमाले काऊन सांगता?”

अर्जुनरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बायकांच्या बाजूने आवाज आला. सरस्वतीबाई उभ्या होत्या. “ठेवली. बैठकीची खोली हे निघाल्यावरच रिकामी केली. पलंग टाकला, चूल मांडली. किल्ली ही माह्यापाशी. आत्याबाई रुसून बसल्या हायत, बसू द्या.” मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “इचारून थांबायचं असते थोडं. लगेच तोंड पाडून निघाले.”

आता मात्र देऊळ मोकळं हसलं. नारायणबुवाही हसले. हसू ओसरलं तशा कडूबांच्या मंडळी, सत्यभामाबाई, बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पण भाऊजी, आता ती बाई येईन काय?”

हा प्रश्न अर्जुनरावांनी रस्ताभर स्वतःला विचारला होता. “ज्यांनं दार लावलं त्यांनं बोलवाले यावं, असं म्हणाल्या त्या. मी बोलावून भागत नाई.”

“बायकांची गोष्ट हाय, आपण पाहू,” कडूबा पुटपुटले.

“काय पाहता तुमी?” सत्यभामाबाईंचा आवाज चढला. “थोरलीले गाडीत पाहिलं तुमी. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दार तुमी लावलं, पण कडी मी सरकवली. उद्याच्या गाडीनं मी जाईन.”

कडूबा उभेच राहिले. बसावं की जावं ते त्यांना कळेना. बुवांनी झांजवाल्याला खूण केली. “पाटील, बसा. आख्यान लावायचं हाय. अन् उपरणं जवळ असू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्क्या रस्त्यावर तीन बाया एस.टी.ची वाट पाहत होत्या. सत्यभामाबाई, पुजाऱ्याची बायको, आणि दोघींपासून हातभर दूर, भाकरीचं गाठोडं घेऊन तानुबाई. “बुलढाण्यात जेवण बरं भेटत नाई,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते कोणाच्या जेवणाबद्दल होतं ते कोणी विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने चौघी उतरल्या. अर्जुनराव आणि भाऊराव पुढे झाले. भाऊरावांनी बैलगाडी आणली होती. “ताई, पाणी गावच्या विहिरीवरूनच भरायचं ना?” त्यांनी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“तिथूनच. अन् भाडं महिन्याच्या महिन्याला देईन, पावती घेऊन,” जनकाबाई म्हणाल्या.

“पावती मी देईन,” अर्जुनराव म्हणाले.

कडूबा पाटील लिंबाखाली आडोशाला उभे होते. येऊन उभे राहिले होते, पण पुढे होत नव्हते. जनकाबाईंनी त्यांना ओळखलं. त्या सरळ त्यांच्यापुढे गेल्या आणि ट्रंक खाली ठेवली.

“गाडीत चढवता का ही, पाटील? माझा हात भरून आला.”

कडूबांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती, सुनेला काय काय खायला द्यायचं ते ती जनकाबाईंना विचारत होती. पाटलांनी धोतराचा सोगा खोवला आणि वाकून ट्रंक खांद्यावर घेतली.

“बापा, काय भरलं हाय बाई एवढं?”

“तुमच्या सुनेच्या कामाचं सामान,” जनकाबाई म्हणाल्या. “सांभाळून ठेवा.”

पाटलांनी ती गाडीत ठेवली नाही. अडीच कोस खांद्यावरच आणली, बैलांच्या पुढे चालत.