त्रेपन्न दिवस कोणी बसलं नाही

मित्रांनो, माझ्यावर जो माणूस बसतो त्याला मत देता येत नाही. त्याला कोणाची बाजू घेता येत नाही, टाळी वाजवता येत नाही, रागावून उठून जाताही येत नाही. आमच्या नुकुलेवाच्या सभागृहात बाकीचे तेरा सभासद केवड्याच्या चटयांवर मांडी घालून बसतात आणि हा एकटा वर बसतो. त्याला सभापती म्हणतात. मी त्याची खुर्ची.

माझं लाकूड उंडीचं. किनाऱ्यावरचं ते झाड वादळात आडवं झालं, तेव्हा तोफिंगा नावाच्या होडीवाल्याने त्याची होडी करायचं ठरवलं होतं. पण त्याच वर्षी आमची सात बेटं स्वतंत्र झाली आणि गावातली चार वडीलधारी माणसं त्याच्या दारात आली. सभेसाठी एक खुर्ची हवी होती.

तोफिंगाने जन्मात खुर्ची केली नव्हती. त्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, "ती तरंगायला हवी का?"

"तरंगायला कशाला? सभेत ठेवायची आहे."

"मग सोपं आहे," तो म्हणाला, आणि पुढचे दोन महिने माझ्यापायी त्याची झोप उडाली. त्याला खिळे ठोकणं ठाऊक नव्हतं. होडीचे सांधे बांधतात तसे त्याने माझे सांधे काथ्याने आवळून बांधले. त्यामुळे कोणी हलला की मी कुरकुरते. पहिले सभापती पाद्री होते आणि भाषणं ऐकता ऐकता त्यांना डुलकी लागायची. मी कुरकुरले की ते दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, "हं, पुढे बोला!" सभागृह हसायचं. ते माझे सुखाचे दिवस होते.

शाळेतली मुलं मला पाहायला यायची. पाहुणे माझ्या हातांवरचं कोरीवकाम चाचपायचे आणि तोफिंगाचं नाव विचारायचे. सभागृहाची झाडलोट करणारी सुलीया दर शनिवारी मला खोबरेल चोळायची आणि चोळताना घरच्या गोष्टी सांगायची. सुनेने अळकुड्या कच्च्याच कशा वाढल्या इथपासून शेजारणीच्या डुकराने कोणाची बाग उकरली इथपर्यंत सगळं मला माहीत असायचं. दुपारी पक्ष कोणताही असो, सगळे सभासद ओसरीत एकत्र जेवायचे. नीरफणस भाजल्याचा वास आत माझ्यापर्यंत यायचा.

मग ती निवडणूक आली. ती तेव्हा व्हायची नव्हती. दोन वर्षं बाकी होती.

पंतप्रधान होते तालिमोआ. उंच, देखणे आणि बोलण्यात पटाईत. आमच्या खाजणात, म्हणजे बेटांच्या आतल्या उथळ समुद्रात, परदेशी बोटींना मासेमारी करू द्यावी असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचेच दोन सभासद उठून समोरच्या चटयांवर जाऊन बसले. आता सरकार पडणार, असं सगळे म्हणू लागले. ते पडायच्या आदल्या सकाळी तालिमोआ यांनी सभाच बरखास्त करून टाकली. महिन्याभरात मतदान झालं.

तुम्हाला वाटेल, लोकांनी निकाल दिला असेल. दिला, मित्रांनो. सात जागा तालिमोआंना आणि सात जागा विरोधी पक्षाचे वाएलुआ यांना.

आमच्या नियमाप्रमाणे सभापती चौदांमधूनच निवडावा लागतो आणि तो एकदा माझ्यावर बसला की त्याचं मत गेलं. म्हणजे जो पक्ष आपला माणूस देईल त्याचे सहाच उरणार आणि सरकार दुसऱ्याचं होणार. हे दोघांनाही पाठ होतं.

पहिल्या दिवशी सभेचे सचिव आपिनेरू यांनी चष्मा पुसला, कागद उघडला आणि विचारलं, "सभापतिपदासाठी कोणाचं नाव?"

समुद्राचा वारा आत येऊन चटयांचे कोपरे उचलत होता.

"कोणाचंच नाही?"

तालिमोआ हसून म्हणाले, "वाएलुआंकडे इतकी शहाणी माणसं आहेत. एक द्या की."

"तुमच्याकडे तर सगळे बसायलाच टपलेले असतात," वाएलुआ म्हणाले. "आता खुर्ची समोर आहे तर लाजता का?"

दोन्ही बाजू हसल्या. मीही मनातल्या मनात हसले. मला वाटलं, उद्या होईल.

दुसऱ्या दिवशी आपिनेरूंनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी तेच. दहाव्या दिवसानंतर हसणं बंद झालं. विसाव्या दिवसानंतर सभासद यायचे, हजेरी लावायचे आणि ओसरीच्या दोन टोकांना दोन घोळके करून जेवायचे. पुढे पुढे तर माझ्याकडे कोणी नजरही वळवत नव्हतं. माझ्याकडे पाहणं म्हणजे त्या प्रश्नाकडे पाहणं होतं. भरल्या घरात आजारी माणसाची खाट असावी आणि सगळ्यांनी तिला वळसा घालून चालावं, तशी माझी गत झाली. तोफिंगाने मला बसण्यासाठी केलं होतं आणि चौदा माणसं मला भीत होती.

सुलीया तेवढी रोज यायची. पण तिचंही बोलणं आटलं होतं. तिची थोरली बहीण ओनेफाऊ बेटावर राहायची, आणि ओनेफाऊवर चार महिने पाऊस नव्हता.

त्या बेटावर विहीर नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि ते आटलं की राजधानीहून जहाजाने पाणी यायचं. आता जहाज धक्क्याला बांधून पडलं होतं. त्याच्या तेलाला जुन्या सभेने दिलेली मंजुरी संपली होती आणि सभापती नसल्यामुळे नवी सभा सुरूच होत नव्हती. होडीने जावं, तर मध्ये दोन दिवसांचा उघडा समुद्र.

ओनेफाऊचे एक सभासद वाएलुआंच्या बाजूचे होते. त्यांचं नाव फितिलाऊ. आयुष्यभर शाळामास्तर, बायको वारलेली, मुलगी परदेशी. वाएलुआंना बाराखडी त्यांनीच शिकवली होती, आणि मोठे नेते झाले तरी वाएलुआ त्यांना 'मास्तर'च म्हणायचे. नव्या सरकारात शिक्षणखातं मास्तरांकडे जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. त्यांनी त्याची वहीसुद्धा केली होती. कोणत्या बेटावर किती बाकं हवीत, कुठे बाई नाहीत, कुठे छप्पर गळतं, सगळं तिच्यात लिहिलेलं.

रोज दुपारी बारा वाजता रेडिओवर बेटांचे निरोप वाचले जायचे. ओसरीतला रेडिओ मला नीट ऐकू यायचा. त्रेपन्नाव्या दिवशी ओनेफाऊच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा निरोप आला. निवेदकाचा आवाज सपाट होता, बाजाराची यादी वाचावी तसा. शहाळी संपली आहेत. शाळा बंद केली आहे. आजवर प्रत्येक मुलाला दिवसाला तीन पेले पाणी देत होतो. उद्यापासून दोन.

मग त्याने दुसऱ्या बेटावरच्या लग्नाचा निरोप वाचला.

दुपारी सभा बसली. आपिनेरूंनी चष्मासुद्धा पुसला नाही. "सभापतिपदासाठी कोणाचं नाव?"

"ऐकलंत ना नर्सबाईंचं?" तालिमोआ म्हणाले. "एक माणूस द्या. उद्या सकाळी जहाज सोडतो."

"तुम्ही द्या. मी आज संध्याकाळी सोडतो," वाएलुआ उत्तरले.

फितिलाऊ मास्तर उठले. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे चटईवरून उठायला त्यांना वेळ लागला. सगळ्यांना वाटलं, बाहेर चालले असतील.

"माझं नाव लिहा," ते आपिनेरूंना म्हणाले.

वाएलुआंनी त्यांचा हात धरला. "मास्तर, खाली बसा. अजून चार दिवस. त्यांच्यातला एक जण फुटतोय, मला आतून कळलंय. चारच दिवस."

"चार दिवस तू काढशील, मीही काढीन. इथे सभागृहाच्या मागच्या अंगणात विहीर आहे."

"आणि त्यांचं सरकार येऊ द्यायचं? खाजण विकतील ते! लोकांनी तुम्हाला कशासाठी निवडलं?"

"ते मला माहीत आहे रे," मास्तर हळूच म्हणाले. "म्हणून तर त्रेपन्न दिवस बसून राहिलो."

मग ते तालिमोआंकडे वळले. "मी बसतो. पण दोन गोष्टी आत्ता, सगळ्यांसमोर कबूल करा. पहिला ठराव पाण्याच्या जहाजाचा. आणि खाजणाचा प्रश्न सातही बेटांच्या लोकांना विचारल्याशिवाय सभेत आणायचा नाही."

तालिमोआंनी आपल्या माणसांकडे पाहिलं. मग मान हलवली. "कबूल."

"मान नको. तोंडाने बोला. आपिनेरू लिहून घेतील."

"कबूल आहे, मास्तर."

वाएलुआंनी हात सोडला. ते एवढंच म्हणाले, "आजपासून तुम्ही आमचे नाही."

मास्तर माझ्याकडे आले. त्यांनी आधी माझ्या हातावर हात ठेवला, जणू परवानगी मागावी तसा. मग बसले. इतक्या दिवसांनी माणसाचं वजन अंगावर आलं आणि मी इतकी मोठ्याने कुरकुरले की आपिनेरू दचकले. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाचा भोंगा वाजला. सुलीया फडकं हातात घेऊन दारातच उभी राहिली आणि भोंगा ऐकू येईनासा होईपर्यंत आत आली नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं असेल. जहाज पोहोचलं, मुलांना पाणी मिळालं. खाजणाचा प्रश्न लोकांना विचारला आणि लोकांनी नाही म्हणून सांगितलं. तालिमोआंनी आपला शब्द पाळला, हे मला सांगायलाच हवं. पण मास्तरांचं काय झालं, ते फार थोड्यांना माहीत आहे.

ते एकटे पडले. त्यांच्या जुन्या बाजूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. नवी बाजू त्यांना वाकून नमस्कार करायची, पण जवळ बसवायची नाही. ओसरीत दोन्ही घोळक्यांनी त्यांना जागा केली नाही, तेव्हा ते रिकाम्या सभागृहात माझ्याशेजारी चटईवर डबा उघडू लागले. सुलीया कधी कधी भाजलेला मासा आणून ठेवायची.

"मास्तर, तुम्ही बाहेर जा की. जाऊन बसलात तर कोण उठवणार आहे?"

"कोणी उठवणार नाही, बाई. तेच उठून जातील," ते म्हणायचे. "त्यांचं जेवण कशाला मोडायचं?"

शिक्षणाची ती वही ते सोबत आणायचे. त्यांना आता ठराव मांडता येत नव्हता, बोलता येत नव्हतं. एक दिवस त्यांनी ती नव्या शिक्षणमंत्र्याच्या चटईवर ठेवली. मंत्र्याने ती उघडली नाही. आठ दिवस वही तिथेच होती, मग सुलीयाने ती उचलून आत ठेवली.

चार वर्षांनी पुन्हा निवडणूक झाली. सुलीयाची बहीण जहाजाने आली होती, तिनेच निकालाची हकिगत सांगितली. ओनेफाऊवर मास्तर हरले होते, आणि थोडक्यात नव्हे.

"पण पाणी त्यांच्यामुळे आलं ना गं?" सुलीयाने विचारलं.

"पाणी तालिमोआंनी पाठवलं असं लोक म्हणतात. जहाजावर त्यांचाच फोटो होता."

"आणि तू? तू कोणाला मत दिलंस?"

बहीण बाहेर समुद्राकडे पाहत राहिली. सुलीयाने पुन्हा विचारलं नाही.

वाएलुआ पंतप्रधान झाले. सभागृह नवीन बांधलं गेलं आणि परदेशातून भेट म्हणून गादीची, चाकांची, सुंदर खुर्ची आली. मला कोठीत ठेवलं. मोडके पंखे, जुने भोंगे आणि मी. सुलीया निवृत्त झाली. काथ्या सुकून सैल पडला. दिवस मोजायचं मी सोडून दिलं.

गेल्या वर्षी एका सकाळी कोठीचं दार उघडलं. सुलीया होती, काठी टेकत आलेली, आणि तिच्यामागे वाएलुआ. बरोबर पहारेकरी नाही, कोणी नाही. त्यांच्या गळ्यात वाळलेली फुलमाळ होती. बोलण्यावरून कळलं की ते ओनेफाऊहून येत होते. फितिलाऊ मास्तरांना माती देऊन.

वाएलुआ बराच वेळ माझ्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज सभागृहात असायच्या. मास्तर माझ्याबद्दल काय बोलायचे?"

"काहीच नाही."

"शिव्या तरी दिल्या असतील."

"नाही हो. कधीच नाही." सुलीयाने आठवून पाहिलं. "एक मात्र होतं. प्रत्येकाला बोलायला दहा मिनिटं असायची ना? मास्तर घड्याळ समोर धरून बसायचे. दहा झाली की घंटा. तालिमोआंना नाही सोडलं, कोणालाच नाही. पण तुम्ही बोलायला उभे राहिलात की घड्याळ उपडं ठेवायचे."

वाएलुआ खाली बसले, धुळीतच, आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. चार वर्षं ज्याच्याकडे पाहिलं नाही, तो माणूस रोज आपलं बोलणं संपू नये म्हणून बसून होता, हे कळायला त्यांना फार उशीर झाला होता. सुलीया बाहेर जाऊन उभी राहिली. मी तिथेच होते, पण मी लाकूड. माझा काय उपयोग?

मित्रांनो, मला तेल लावा, माझा काथ्या आवळा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाकडाचं काय, चालतं. पण तुमच्या खेळात भांडण होतं, दोन्ही गट अडून बसतात, आणि मग कोणीतरी एक जण आपला डाव सोडून पंच व्हायला तयार होतो. त्याच्यामुळे तुम्ही खेळता आणि तो उन्हात एकटा उभा राहतो. खेळ संपला की घरी पळण्याआधी त्याच्याकडे जा. त्याला हाक मारा. तो जिवंत आहे तोवर मारा.