उल्का शून्यावर आली

नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये मास्टर्स संपलं तेव्हा उल्काच्या खात्यात उणे नऊशे युरो होते. शेवटच्या काही महिन्यांचं भाडं तिने बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून भरलं होतं. रॉटरडॅमच्या एका शिपिंग कंपनीत नोकरी लागली, पण पगार भाड्यात आणि रेल्वेच्या पासातच संपायचा. बाबांकडे मागायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

त्याच सुमारास शेजारी सुमेधाकाकू मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. वय एकसष्ट.

"मला सायकल शिकव," त्या उल्काला म्हणाल्या. "मुलगा शिकवताना ओरडतो. दहा शनिवारचे पैसे आधीच घे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही."

पहिल्या शनिवारी काकू सरळ झुडपात गेल्या आणि तिथेच बसून पोटभर हसल्या. पाचव्या शनिवारी उल्काने मागून धरलेली सीट हळूच सोडली. काकूंना पत्ताच नव्हता. गप्पा मारत मारत त्या तळ्याला अख्खी फेरी मारून आल्या. ते पाहून त्यांच्या तीन मैत्रिणींनीही उल्काकडे शिकवणी लावली.

मार्चमध्ये उल्काने शिकवणीच्या पैशांतून ओव्हरड्राफ्टचे शेवटचे चाळीस युरो भरले आणि पुण्याला फोन लावला.

"बाबा, माझ्या खात्यात शून्य युरो आहेत!"

"अगं, मग थोडे पाठवू का?"

"नको हो! केवढ्या कष्टाने शून्यावर आलेय मी!"

सगळी हकिगत ऐकून बाबांनी आईला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. उल्काने झुडपापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.