राखणीची धून

भित्र्या माणसानं खुशाल भ्यावं, पण आपली भीती हातातल्या वाद्यावर उतरवू नये. मुल्लैच्या लेकानं, चात्तननं, नेमकं तेच केलं. वर "वाजवलं तर होतं!" म्हणायला मोकळा.

वीराचा दगड वाटेत लागला की गाणाऱ्यानं थांबावं, ताडी शिंपडावी, याळेच्या तारांवर सांजेची धून छेडावी. दगडात वसलेल्या मेलेल्याला कळू द्यावं की बाबा, विसरलो नाही. आणि हा दगड काही परक्याचा नव्हता. अंदुवनचा होता. चिंध्या लेवून दारात आलेल्या या भटक्या गाणाऱ्यांना त्यानं घरच्यांच्या पंगतीत बसवून मांस-भात जेवू घातलेला. गावची गुरं सोडवताना पडला बिचारा.

तिथं चात्तननं वाजवली राखणीची धून. घायाळाच्या घराला कडुनिंब खोचतात, पांढऱ्या मोहरीची धुरी देतात, आणि भुतं उंबऱ्याशी येऊ नयेत म्हणून वाजवतात, ती. मागून येणारी मुल्लै धापा टाकत पोचली तोवर शेवटचा सूर वाजून गेला होता. भर वाऱ्यात दगडावरचं मोरपीस हलत नव्हतं.

"मेल्या, त्याला त्याच्याच घरातून हाकललंस!"

"मला दगडामागं कुणीतरी दिसलं, आये. हात आपोआप राखणीच्या सुरांवर गेला."

"अरे, त्याच्या घरात तोच दिसणार! का तुझा सासरा दिसणार?"

चात्तन थांबेना. नव्या धन्याचं गाव गाठायचं होतं. माळावरून चालताना त्यांचं कुत्रं सारखं मागं वळून रिकाम्या वाटेकडे शेपूट हलवी. ओळखीच्या माणसाला हलवावं तसं.

ऊन कलल्यावर ते कळकाच्या सावलीत जेवायला बसले. सून कयलनं पळसाची पानं मांडली. माणसं तीन, पानं चार.

"हे कुणाचं गं?"

कयल आपल्याच हाताकडे बघत राहिली. "आत्याबाई, मला वाटलं, कुणीतरी उभं आहे जेवायचं."

मुल्लैचा घास हातातच राहिला. पाहुण्यांची पोटं भरेपर्यंत अंदुवन असाच उभा राहायचा, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आता यांच्यापैकी कुणीच भाताला हात लावेना. चौथ्या पानावरचाही तसाच पडून.

चात्तननं याळ उचलली. "चला लवकर. एकदा नव्या दारात गेलो की सुटलो."

"आणि याला कुठं बसवशील? त्या दारात उपाशी उभा करशील?"

"मी एकटा त्या दगडाकडे जाणार नाही, आये."

मुल्लै उठली. तिनं चौथं पान भातासकट द्रोणासारखं मुडपलं आणि लेकाच्या झोळीत ठेवलं.

"एकटा कुठं? तो आहे की बरोबर. त्याच्या पुढं चाल, सांजेची धून वाजवत चाल, आणि त्याला त्याच्या जागी बसव. पीस हललं तर परत ये. नाही हललं, तर तिथंच राहा. कयलला वाजवता येतं, आमचं तुझ्यावाचून अडणार नाही. त्याचं अडलंय."