एजंटसाहेबांची पंगत

धुळ्याच्या बँकेत मोठ्या साहेबांना तेव्हा एजंट म्हणत. त्यांच्या घरी कार्य निघालं की पंगतीत वाढायला कारकुनांनी जायचं, असा रिवाज होता. शेहेचाळीस साली कारकुनांनी युनियन काढली आणि पहिलाच ठराव केला: साहेबांच्या मुलीच्या लग्नात वाढायचं नाही. जायचं ते पाहुणे म्हणून.

वरणाच्या बादल्या उचलून कारकून गिरधरच्या तळहातांना घट्टे पडले होते. त्या लग्नात तो पंगतीत ताठ बसला. बट्टीवर वरण पडलं तशी त्याने मान वर केली. वाढत होता बँकेचा शिपाई तोताराम. एवढ्या पंगतीला एकटाच, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"एकटाच का रे?"

"साहेब बोलनात, कारकून आते मोठा व्हई ग्यात. तू शे ना."

साहेबांच्या लेखी कारकून मोठे झाले, आता राबायला हा उरला. गिरधरने हातातला घास पानात ठेवला. शेजारी युनियनचा सेक्रेटरी जीवराम बट्टी कुस्करत होता.

"जीवरामभाऊ, हा आपल्या युनियनमध्ये का नाही?"

"शिपाई घेतले तर साहेब आपल्याला दारात तरी उभे करतील का? आधी आपलं होऊ दे. जेव."

गिरधर उठला आणि त्याने तोतारामची बादली धरली. "बैस माझ्या पानावर. मी वाढतो."

"घ्या, ठराव मोडला," ओळीतून कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले.

तोतारामने बादली सोडली नाही. "जेवाले नका बसाडू, भाऊ. सभाले बलावा. दोन डाव तुमना दारवरून परत गऊ."

"दोनदा? परत कोणी पाठवलं?"

तोतारामने हनुवटीने जीवरामकडे खूण केली. जीवराम पुन्हा बट्टी कुस्करू लागला.

"तोताराम," एजंटसाहेब मांडवाच्या टोकावरून म्हणाले, "उद्यापासून घरी बसायचंय का?"

तोतारामने बादली पानांच्या मधोमध ठेवली आणि तो चालू लागला.

"उद्या याला काढलं तर युनियन बोलणार की नाही? इथंच सांगा," गिरधर म्हणाला.

"रविवारच्या सभेत ठरवू," जीवराम पुटपुटला.

गिरधरने पायाने पान सारलं, चपला घातल्या आणि तोतारामला रस्त्यावर गाठलं.

"मी बोलेन साहेबांशी."

"एकलाच?" तोताराम थांबलासुद्धा नाही. "एकलाच ईसन काय व्हई?"

मांडवातून हसण्याचा आवाज आला. एकट्याने येऊन काही होणार नव्हतं. गिरधर वळला आणि बाकीच्या कारकुनांना उठवायला चपला न काढताच सरळ पंगतीत शिरला.