कुडपणचा आवाज आणि दोन खुंट्या

कुडपणच्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. शेजाऱ्याचं घर दरीपलीकडं असलं की 'जेवलास का?' हेसुद्धा हाळी देऊनच विचारावं लागतं. फक्त लग्नाची गोष्ट तिथं कानाशी कुजबुजून बोलतात. सुपारी फुटायच्या आधी लग्नाचं मोठ्यानं बोललं की ते मोडतं, असं सगळं गाव मानतं, आणि तेही ओरडून सांगतं.

गावातल्या मुरारीचं लग्न दोन वर्षं अडलं होतं. तुळसा राजी होती, आणि मुरारी तर तिच्यापायी निम्मा झाला होता. पण तिच्या वडिलांना, भागोजींना, कधीही विचारलं की ते मुरारीच्या कानाशी लागून म्हणत, "ठमाआक्काचा होकार नाय अजून." ठमाबाई ही भागोजींची थोरली बहीण. घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं, आणि तिला ऐकू मात्र फार कमी येई. म्हातारीचं आपल्याशी काय वाकडं आहे, हे मुरारीला कळेना.

अशात १९३७ च्या मार्गशीर्षात महाडला नवं सभागृह उभं राहिलं. छपराचे ऐनाचे वासे भागोजींनी दिले होते. मुरारी मुंबईत वायरलेसच्या दुकानात कामाला. त्यानं मालकाच्या हातापाया पडून उद्घाटनासाठी कर्णा, मायक्रोफोन, दोन पेट्या आणि मोटारीची बॅटरी बोटीनं आणली. आज आपली करामत बघून म्हातारीचं मन वळलं तर वळलं, नाहीतर मुंबईलाच कायमचं तोंड काळं करायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

प्रत्येक पेटीला आवाज कमीजास्त करायची एक खुंटी होती. दुकानातल्या मिस्त्रींनी बजावलं होतं, "पहिल्या खुंटीनं बोलणाऱ्याचा आवाज पुरता भरून घे, दुसरीनं तो सभेला वाढ. पेट्या म्हणजे पाण्याचे दोन हंडेच समज. पहिला हंडा रिकामा ठेवलास तर दुसऱ्यातून नुसता गाळ निघेल. आणि जो बोलणार, त्याच्याच आवाजावर खुंटी लाव."

पण बोलणारे हेडमास्तर श्रीधरपंत जेवून वामकुक्षी घेत होते. हाताशी होते भागोजी. "मामा, जरा बोला हितं. मागच्या बाकापोतर गेलं पायजे," एवढंच मुरारी म्हणाला. मागच्या बाकापर्यंत म्हटल्यावर भागोजींनी कमरेवर हात ठेवले आणि दरीपलीकडच्या गुराख्याला द्यावी तशी हाळी दिली. कर्णा फाटक्या पत्र्यासारखा तडतडला. आढ्यावरची कबुतरं जी उडाली, ती संध्याकाळपर्यंत परतली नाहीत.

मुरारीनं घाबरून पहिली खुंटी चिमटीएवढीच उघडी ठेवली, आणि तिथंच त्याचं चुकलं.

तीन वाजता सभा भरली. बायका मागच्या बाकांवर होत्या. अगदी शेवटच्या बाकावर ठमाबाई आणि शेजारी तुळसा. श्रीधरपंत उठले. पंत विद्वान गृहस्थ, पण ते बोलत मिशीशी. त्यांचे ओठ हलत होते आणि सभेला काहीच ऐकू येत नव्हतं. मुरारीनं दुसरी खुंटी शेवटपर्यंत पिळली. कर्ण्यातून पंत आले थोडे, आणि खरखर आली उदंड.

"कोन बोंबील तळतंय गो?" ठमाबाईनं सभेत विचारलं. तिला ऐकू आलेला दिवसातला तो पहिला आवाज.

सभा हसली, पंत थांबले. तुळसेनं लाजून मान खाली घातली. मग मुरारीला मिस्त्रींचे हंडे आठवले. त्यानं दुसरी खुंटी पार खाली आणली, पहिली हळूहळू वर चढवली, पंतांचा आवाज भरल्यासारखा वाटल्यावर दुसरी पुन्हा थोडी उघडली. कर्णा शीळ घालू लागला तशी केसभर मागं घेतली. खरखर गेली. पंतांचा श्वाससुद्धा शेवटच्या बाकावर पोचू लागला. मुरारीला रडूच यायचं बाकी होतं.

इतक्यात पंत म्हणाले, "आता आपण वासे देणाऱ्या भागोजींना चार प्रश्न विचारू." भागोजी मायक्रोफोनसमोर आले आणि त्यांनी कमरेवर हात ठेवले.

खुंटी भागोजींना लावावी तर पंत गडप होणार, पंतांना ठेवावी तर कर्ण्याच्या चिंध्या. कुडपणचा माणूस हळू बोलतो केव्हा? मुरारी धावतच व्यासपीठावर गेला, मायक्रोफोनवर तळहात धरला आणि भागोजींच्या कानाशी लागला, "मामा, तुळसेच्या लग्नाचं काय ठरलं?"

औषध लागू पडलं. भागोजींचे हात कमरेवरून सुटले, मान खाली झुकली. मुरारीनं समाधानानं तळहात काढला. पण भागोजी आधी त्याच्याच प्रश्नाचं उत्तर देऊ लागले, अगदी कुजबुजून, मायक्रोफोनपासून चार बोटांवर.

"पोर तुलाच द्यायची हाय रे," कर्णा सगळ्या महाडला सांगू लागला. "आक्का नाय म्हनत नाय. तिला मी इचारलंच नाय! तिला इचारायचं तर वरडाय लागतंय. लग्नाचं वरडून कसं इचारू?"

तुळसेनं पदरात तोंड लपवलं. तिचे खांदे हसून हलत होते. भागोजींनी चमकून कर्ण्याकडं पाहिलं. "मी हळूच बोललो ना रे?" त्यांनी काकुळतीनं विचारलं.

"हळूच, मामा," मुरारी म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं, तुम्ही हळूच बोललात."

तोवर शेवटच्या बाकावर ठमाबाई उभी राहिली होती.

"भाग्या, मेल्या! दोन वर्सं पोरगा दारात झिजतोय, आन् मला इचारायला तुला मुंबईवरनं पेटी लागली? फोड ती सुपारी!"

मुरारीचा हात सवयीनं खुंटीकडं गेला. त्यानं पहिली बंद केली, दुसरी बंद केली, शेवटी बॅटरीची तारसुद्धा ओढून काढली. ठमाबाईचा आवाज तसूभरही कमी झाला नाही.