भिंगरीचा खुबा

दुपारच्या सुट्टीत डबा चाटूनपुसून संपवल्यावर भिंगरी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढली आणि तिथून थेट फरशीवर आदळली. वय नऊ. पाय कधी जागेवर ठरत नाही म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलेलं. आता उजवा पाय बाहेर वळून निपचित पडला होता आणि स्ट्रेचरवरून ती सगळ्यांना दम भरत होती, "हात लावाल तर खबरदार!"

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. खुब्याच्या वाटीत फिरणारा गोळा आणि मांडीचं हाड यांना जोडणारी मान आरपार तुटली होती. मुलांमध्ये हे क्वचितच होतं. शिकत असताना बाईंनी असा एकच मुलगा पाहिला होता. त्याचं ऑपरेशन तीन दिवस रखडलं. हाड जुळलं, पण रक्त न मिळून गोळा सुकला आणि पोरगं कायमचं लंगडं झालं.

मोठे डॉक्टर परगावी होते. फोनवर म्हणाले, "पाय ओढून धरायला वजन लावून ठेव. सकाळी आलो की बघू."

"सर, सकाळपर्यंत थांबणं मला पटत नाही. आजच करते."

"एकटीला झेपेल?"

"झेपवते."

ते म्हणाले, "कर. अडलीस तर लगेच फोन कर."

भिंगरीची आई बस चालवायची. गणवेशातच धावत आली होती. "डॉक्टर, प्लास्टरवर नाही का भागणार?"

"नाही ताई. तुकडे सरकलेत. ते जुळवून स्क्रूने धरायला हवेत. आणि खोटं सांगत नाही, सगळं नीट केलं तरी एखाद्या मुलाचा गोळा सुकतोच. पण उशीर केला तर धोका वाढतो."

आईने डोळे पुसले. "उतारावर ब्रेक लागेना झाला, तर मी विचार करत बसत नाही. कुठे सही करू?"

भूल देणारे डॉक्टर मात्र अडून बसले. "भरपेट जेवलीय ती. सहा तास झाल्याशिवाय भूल देणार नाही. तुम्ही डोक्यावर उभ्या राहा हवं तर."

"राहते. पण सातला टेबल मोकळं हवं."

सातला भिंगरी झोपी गेली. बाईंनी पाय ओढला, आत वळवला आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहिलं. तुकडे काही जुळेनात. पुन्हा ओढला. तेच. तिसऱ्यांदा हात पुढे गेला आणि त्यांनी तो आवरला. जबरदस्ती केली तर उरल्यासुरल्या रक्तवाहिन्याही तुटतील.

"उघडते," त्या म्हणाल्या.

सांध्याचं आवरण कापताच आत कोंडलेलं काळपट रक्त भसकन बाहेर आलं. त्याच्याच दाबाखाली त्या बारीक रक्तवाहिन्या घुसमटत होत्या. आता तुटलेल्या कडा डोळ्यांना दिसत होत्या. बाईंनी त्या हलक्या हाताने एकमेकींत बसवल्या, तारेने धरल्या. पहिला स्क्रू गेला. दुसरा सिस्टरनी पुढे केला, पण बाईंनी माप पाहून मान हलवली. "लांब होतोय. पोरीची उंची वाढायचीय अजून, वाढीच्या थराला टोक लागता कामा नये." आखूड स्क्रू आला, फिरत फिरत आत गेला आणि त्या थराच्या अलीकडे जेमतेम थांबला. पडद्यावर मानेची रेघ सरळ दिसली.

"आता श्वास घ्या," भूल देणारे म्हणाले. "भूल पोरीला दिलीय, तुम्हाला नाही."

सिस्टर इतक्या हसल्या की मास्क घसरला.

छातीपासून पावलापर्यंतच्या प्लास्टरमध्ये भिंगरीने सहा आठवडे घरादाराला सळो की पळो करून सोडलं. मग कुबड्या, मग भिंत धरून चालणं. पण गोळा सुकतोय का, हे कळायला दोन वर्षंही लागू शकतात. दर तीन महिन्यांनी ती फोटो काढायला यायची आणि दर वेळी फोटो हाती येईपर्यंत बाईंना घास गोड लागायचा नाही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षं भरली, तेव्हा शेवटचा फोटो मोठ्या डॉक्टरांनीच उजेडासमोर धरला. डावा खुबा पाहिला, उजवा पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"स्क्रू दिसले नसते," ते म्हणाले, "तर मोडला होता कुठला, ते मला सांगता आलं नसतं. मी असतो तर सकाळपर्यंत थांबलो असतो. तू थांबली नाहीस."

आईने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. भिंगरीने मधेच तोंड घातलं.

"म्हणजे मी पळू?"

"पळ."

"मग रविवारी मैदानावर या. शंभर मीटरला नाव दिलंय मी. आधीच."

"आधीच?" आई ओरडली.

रविवारी बाई गेल्या. भिंगरी तिसरी आली. पुढच्या दोघी तिच्याहून वीतभर उंच होत्या, पण ती अशी सुटली होती की कडेच्या लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. सर्वांत मोठा आवाज डॉक्टरीणबाईंचा होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांचा घसा पार बसलेला, आणि त्या प्रत्येक पेशंटशी हसत हसत खुणांनीच बोलत होत्या.