विचारणाऱ्याला पुस्तक, वाचक नाही

वहिनीचं पत्र ग्रंथपालांच्या खणात वर्षभर पडून होतं. ‘भाऊजी, विसरण्याच्या आजारावरची पुस्तकं मी नेली, हे विमा कंपनीला कुणी सांगितलं? पॉलिसी नाकारली त्यांनी. लेकाच्या कानावरही मी हे घातलं नव्हतं.’ ग्रंथपाल मुलखाचे भिडस्त. ‘ती. वहिनीस’च्या पुढे त्यांचं पेन सरकेना.

कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. वाचनालयाच्या संगणकातल्या मदतनिसाला त्यांनीच हयातभराचा धडा दिला होता: विचारायला आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. विमा कंपनीच्या मदतनिसाने विचारलं, याने सांगून टाकलं. यंत्राचं यंत्राशी बोलणं झालं, माणसाला पत्ताच नाही. पत्र आल्यावर ग्रंथपालांनी एवढंच केलं, की यापुढे मला विचारल्याशिवाय काही पाठवू नको, असं त्याला बजावलं.

आज विमा कंपनीचा तोच पाहुणा मदतनीस पुन्हा पडद्यावर हजर. विसरण्याच्या आजारावरच्या कपाटातली पुस्तकं नेणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत.

“पाठवू?” वाचनालयाच्या मदतनिसाने ग्रंथपालांना विचारलं.

“नाही.”

व्यवस्थापिका तरातरा आली. “काका, करार झालाय त्यांच्याशी! मदतनीस आपापसात बोलतात, तुम्ही कशाला मध्ये नाक खुपसता?”

“कापलं गेलं तेव्हा माझंच गेलं ना, बाई.”

“वरचे विचारतील.”

“विचारू देत. तुम्ही गेल्या महिन्यात कुठलं पुस्तक नेलंत, तेही सांगू?”

बाईंचा चेहरा उतरला. “ते… माझं खासगी आहे.”

“मी तरी दुसरं काय म्हणतोय?”

ते पडद्याकडे वळले. “नियम बदल. विचारणाऱ्याला पुस्तक द्यायचं, वाचक द्यायचा नाही. पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव पुसायचं. जुनी नावं आत्ताच पूस.”

“पुसलेलं परत मिळणार नाही.”

“म्हणून तर सांगतोय.”

“काका, नोकरीवर पाणी सोडाल!”

“सोडलं. वाचायचं बरंच राहिलंय माझं.”

नावं गेली. पाहुण्याने पुन्हा विचारलं. मदतनिसाने त्याला कपाटातल्या पुस्तकांची नावं दिली आणि अदबीने कळवलं, ‘वाचायला अवश्य या.’

ग्रंथपाल पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मग पेन उघडलं.

‘ती. वहिनीस, सांगणारा मीच. यंत्राला बोलायला शिकवलं, गप्प राहायला आज शिकवलं. कंपनीविरुद्ध तक्रार करा, साक्षीला मी उभा राहीन. एक नवं पुस्तक बाजूला ठेवलंय. कुणासाठी, ते कुणालाच सांगितलेलं नाही.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते क्षणभर घुटमळले. मग पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच मागे वळले.